धेनुकाकटाचा माग काढणारा गणिती

कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी दुसरा. त्या दात्यांपैकी काही जण स्वत:ला यवन म्हणवतात आणि त्यांतले बहुतेक धेनुकाकट नावाच्या एकाच गावाहून आलेले आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक, किंवा ग्रीकांच्या परंपरेतले परदेशी. समुद्रापलीकडची ही माणसे सह्याद्रीच्या माथ्यावर काय करीत होती आणि त्यांचे धेनुकाकट होते तरी कुठे, या प्रश्नाने विसाव्या शतकाच्या मध्यावर एका गणितज्ञाला झपाटले. त्याचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांच्याकडे पुरातत्त्वाची पदवी नव्हती, खोदकामाचा परवाना नव्हता की कोणत्याही उत्खनन-पथकाचे पाठबळ नव्हते. हातात काठी, गळ्यात कॅमेरा आणि पायांत चालण्याची विलक्षण ताकद एवढ्या भांडवलावर त्यांनी पश्चिम महाराष्ट्राचे डोंगर पिंजून काढले.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करणारे आणि पाली भाषा आत्मसात करून ती महाराष्ट्राच्या अभ्यासविश्वात आणणारे धर्मानंद १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम चालू होते. त्यासाठी १९१८ साली ते अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांनी अकरा वर्षांच्या दामोदरला बरोबर नेले. समुद्र ओलांडून परक्या भूमीत रुजण्याचा अनुभव कोसंबींना असा बालवयातच मिळाला. वडील परतल्यावरही मुलगा शिक्षणासाठी मागे राहिला. मध्ये दोन वर्षे भारतात काढून तो पुन्हा हार्वर्डला गेला आणि १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन परतला. गणिताबरोबर अनेक युरोपीय भाषाही त्याने तेथे मिळवल्या होत्या. त्यांतली ग्रीक आणि लॅटिन पुढे फार उपयोगी पडली.

भारतात परतल्यावर बनारस आणि अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ साली ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले. १९३४ साली त्यांना गणितातील कामाबद्दल रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्रात मांडलेले एक सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्यासाठी ते वापरतात. १९४५ साली होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. घर मात्र पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने सकाळी मुंबईला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हा त्यांचा शिरस्ता बनला. त्या गाडीचा मार्ग कार्ल्याच्या डोंगरासमोरून आणि बोरघाटातून जातो. घाटावरचा माल ज्या वाटांनी कोकणातल्या बंदरांकडे उतरत असे, त्याच वाटांच्या शेजारून हा गणिती वर्षानुवर्षे ये-जा करीत होता.

इतिहासाकडे त्यांना वळवले ते नाण्यांनी. संख्याशास्त्राचे तंत्र एखाद्या खऱ्याखुऱ्या प्रश्नावर वापरून पाहावे, म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी निवडली. चांदीच्या या नाण्यांवर राजाचे नाव नसते, सालही नसते; असतात फक्त ठसे. कोसंबींचा तर्क साधा होता. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते, म्हणून जे नाणे अधिक काळ चलनात राहिले त्याचे वजन अधिक घटलेले असणार. ही झीज किती आणि कशी होते हे समजावे म्हणून त्यांनी चालू चलनातली नाणीही तराजूत घातली. मग तक्षशिलेच्या साठ्यातली नाणी एकेक करून तोलली आणि वजनातल्या फरकावरून त्यांचा कालक्रम लावला. हजारो नाणी तोलण्याचे हे काम कमालीचे कंटाळवाणे होते. पण मूक वस्तूलाही योग्य प्रश्न विचारला तर ती उत्तर देते, हा धडा त्यांना या कामाने दिला. ती नाणी पाडणारी माणसे कोण होती हे कळावे म्हणून ते जुन्या ग्रंथांकडे वळले, ग्रंथ वाचता यावेत म्हणून संस्कृताकडे वळले आणि त्यातून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली सिद्ध झाली. ग्रंथांतूनही सारी उत्तरे मिळेनात, तेव्हा ते घराबाहेर पडले आणि डोंगर चढू लागले.

पुण्यात भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर त्यांचे घर होते. त्या घरामागच्या टेकडीवरच त्यांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे सापडली. बोटाच्या पेराएवढी, धारदार, गारगोटीच्या जातीच्या दगडांची ही सूक्ष्मास्त्रे पुढे त्यांनी परिसरात ठिकठिकाणी गोळा केली. जिथे ती दाट सापडतात त्या जागा त्यांनी नकाशावर जोडल्या, तेव्हा डोंगरपायथ्याने जाणारी एक जुनी वाट दिसू लागली. धनगर आजही मेंढ्या घेऊन तशाच वाटांनी हिंडतात. वाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे बहुधा एखादी देवी असते, तीही गावाबाहेर, शेंदूर फासलेल्या तांदळ्याच्या रूपात. आणि त्याच वाटांवर, त्याच देवींच्या शेजारी बौद्ध लेणी कोरलेली आढळतात. हा योगायोग नाही, असे कोसंबींनी मांडले. भिक्षूंनी निर्जन अरण्य निवडले नव्हते. माणसांचा, गुरांचा आणि मालाचा राबता ज्या वाटांवर आधीपासून होता तिथेच त्यांनी वस्ती केली. लेणी म्हणजे व्यापारी तांड्यांचे विसाव्याचे ठिकाण, गिऱ्हाईक आणि भांडवल पुरवणारी संस्था असे सर्व काही होते. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मिथ अँड रिअ‍ॅलिटी या ग्रंथात हे विवेचन आले आहे.

जुन्नरला त्यांना या पद्धतीचा उत्तम पुरावा मिळाला. तिथल्या एका डोंगराला लोक मानमोडी म्हणतात. तिथल्याच लेण्यातील ब्राह्मी लेखात या डोंगराचे नाव मानमुकुड असे आले आहे. राज्ये बदलली, धर्म बदलले, लिपीही विस्मरणात गेली, पण नाव लोकांच्या तोंडी टिकले. जुन्नरच्याच लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या तीन यवनांची दाने नोंदलेली आहेत. नाशिकच्या लेण्यातही धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त हा यवन दाता म्हणून भेटतो. कार्ल्याला सिहधय आहे, धम्म आहे. नावे बहुतेक भारतीय वळणाची, धर्म बौद्ध आणि ओळख मात्र यवन. आलेला परदेशी व्यापारी माल विकून परत गेला नाही, इथे राहिला, इथल्या भाषेत त्याने आपले नाव कोरून घेतले, हे या लेखांतून स्पष्ट दिसते.

धेनुकाकटावरचा त्यांचा दीर्घ निबंध मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९५०च्या दशकाच्या मध्यावर प्रसिद्ध झाला. कार्ल्याचे लेख त्यापूर्वी सेनार आणि वत्स यांसारख्या विद्वानांनी वाचले होते. कोसंबींनी खांब पुन्हा निरखले, लेखांतल्या दात्यांची गावे आणि व्यवसाय ताडून पाहिले. काही अभ्यासक धेनुकाकटाचा संबंध पूर्व किनाऱ्याजवळच्या धरणीकोट या गावाशी जोडत होते. कोसंबींना ते पटले नाही. एवढ्या दूरच्या गावातले इतके लोक, तेही निरनिराळ्या व्यवसायांचे, एकाच लेण्याला खांब देतील कसे, हा त्यांचा रोख होता. त्यांच्या मते धेनुकाकट कार्ल्याच्याच परिसरात, घाटमाथ्यावरच्या व्यापारी वाटेवर असले पाहिजे. तिथे यवन व्यापाऱ्यांची वसाहत असावी. कार्ल्याच्या एका खांबाच्या शीर्षावर स्फिंक्ससारखी आकृती आहे. मानवी मुख आणि सिंहाचे शरीर असलेली ही कल्पना ग्रीक-मिसरी जगातली. तिच्यात कोसंबींना त्याच वसाहतीची खूण दिसली.

या वसाहतीला बळ देणारा माल येत होता कुठून, याचे उत्तर मराठवाड्यात सापडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लस या प्रवासपुस्तिकेत दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावे आहेत. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड तसेच मलमल गाड्यांवर लादून किनाऱ्याकडे जात असे. हे तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. तेरलाही एक हौशी संग्राहक होऊन गेले, रामलिंगप्पा लामतुरे. तेरच्या पांढरीतून मिळणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती त्यांनी जिवापाड जपल्या. आज तेथील शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. त्या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की इटलीतल्या पॉम्पेईची आठवण होते. इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरात १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. त्याच घडणीचा हस्तिदंती नमुना जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही मिळाला आहे. तेर ते भूमध्य समुद्र या लांबच लांब वाटेवर नाणेघाट, बोरघाट आणि कार्ले हे मधले टप्पे होते. कोसंबींनी पायी धुंडाळले ते हेच टप्पे.

परदेशी संपर्काचा पुरावा फक्त लेण्यांत आणि नाण्यांतच असतो, असे ते मानत नसत. त्यांनी त्यासाठी नारळालाही साक्षीला बोलावले. शुभकार्यात नारळ लागतोच, देवीला तो वाहिला जातोच, म्हणून तो आपल्याकडे अनादिकालापासून असावा असा सर्वसाधारण समज. कोसंबींनी मात्र तो आग्नेय आशियातून समुद्रमार्गे आला आणि पश्चिम किनाऱ्यावर इसवी सनाच्या आरंभकाळात मोठ्या प्रमाणावर लावला गेला, असे मांडले. यासाठी त्यांनी आधार घेतला तो क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखाचा. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने हजारो नारळाच्या झाडांच्या दानाची नोंद कोरून ठेवली आहे. या बागांमुळे कोकणपट्टी आबाद झाली आणि घाटावरच्या व्यापाराला नवा माल मिळाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात नारळाच्या लागवडीची दोन मूळ केंद्रे दिसून आली, एक आग्नेय आशियातील बेटांवर आणि दुसरे दक्षिण भारत, श्रीलंका व मालदीवच्या परिसरात. म्हणजे कोसंबींच्या विधानात दुरुस्ती करावी लागते. पण नारळ समुद्राच्या वाटेने पसरला आणि देवपूजेतल्या वस्तूलाही इतिहास असतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा अबाधित राहतो.

कार्ल्याच्या चैत्यासमोरच एकवीरेचे देऊळ आहे. किनाऱ्यावरचे कोळी दरवर्षी घाट चढून आपल्या या कुलदेवतेला येतात. समुद्रावर जगणाऱ्या जमातीची देवी डोंगरावर, तीही बौद्ध लेण्याच्या दारात कशी, हा प्रश्न कोसंबींआधी फारसा कोणी विचारला नव्हता. त्यांच्या दृष्टीने कोळ्यांची ही यात्रा म्हणजे बंदर आणि घाटमाथा यांच्यातल्या अतिप्राचीन नात्याचा जिवंत अवशेष होता. जत्रेत ते हिंडत, पुजाऱ्यांशी, भाविकांशी बोलत, मानपान कोणाकडे कसे चालत आले हे विचारत. शिलालेख वाचताना जेवढी दक्षता, तेवढीच दक्षता मेंढपाळाशी बोलताना. पुस्तकी विद्वत्तेने ज्यांना निरक्षर म्हणून बाजूला ठेवले होते, त्यांच्या रीतीभातींना त्यांनी पुराव्याचा दर्जा दिला.

ही मुशाफिरी त्यांना सोपी गेली नाही. गणिताच्या संस्थेत बसून दगड आणि देवी यांचा अभ्यास करणे अनेकांना रुचत नव्हते. गणितातला अत्यंत अवघड असा रीमानचा सिद्धांत आपण सिद्ध केल्याचा दावा त्यांनी १९५९ साली एका शेतीविषयक सांख्यिकी नियतकालिकातून केला. ती सिद्धता टिकली नाही आणि त्यांच्या गणिती लौकिकाला धक्का बसला. अणुऊर्जेच्या अवाढव्य खर्चाऐवजी सौर ऊर्जेचा विचार करावा, असे ते जाहीरपणे सांगत. जागतिक शांतता चळवळीत ते आघाडीवर होते आणि बोलणे बोचरे होते. १९६२ साली टाटा संस्थेतली त्यांची नोकरी संपली. करार पुढे वाढवण्यात आला नाही. त्यानंतरची दोन वर्षे त्यांना कोणतेही पद नव्हते. १९६४ साली ते सन्माननीय वैज्ञानिक म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी संलग्न झाले.

विशेष म्हणजे याच काळात त्यांचे पुरातत्त्वाचे काम बहरले. भोक पाडलेली सूक्ष्मास्त्रे आणि पुणे जिल्ह्यातल्या महापाषाणांवरचे त्यांचे लेख लंडनच्या मॅन या नियतकालिकात १९६२ साली आले. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इतिहासग्रंथाने राजे आणि लढाया यांच्याऐवजी उत्पादन, शेती, व्यापार आणि जमाती यांना इतिहासाच्या केंद्रस्थानी आणले होतेच. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा त्यांचा ग्रंथ आला. पुढच्याच वर्षी, २९ जून १९६६ रोजी, पुण्यात राहत्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते अवघे अठ्ठावन्न. ३१ जुलै २००८ रोजी, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

धेनुकाकटाचा प्रश्न मात्र आजही पूर्णपणे सुटलेला नाही. कोसंबींनी सुचवलेली जागा सर्वांनी स्वीकारलेली नाही. यवन या शब्दाचा नेमका अर्थ ग्रीक, ग्रीक संस्कृती स्वीकारलेला पश्चिम आशियाई की वायव्येकडून आलेला कोणी, यावरही वाद आहे. खोदकामातल्या थरांचा आधार नसताना पृष्ठभागावर सापडलेल्या वस्तूंवरून कोसंबी कधी कधी फार मोठी झेप घेतात, हा आक्षेपही रास्त आहे. ज्याला औपचारिक प्रशिक्षण नाही आणि अधिकृत उत्खननाची संधी नाही, त्याच्या संशोधनाची ही मर्यादा मान्य करावीच लागते.

तरीही समुद्रापलीकडून जे पुरावे त्यांच्या पश्चात पुढे आले ते त्यांच्या मूळ जाणिवेला बळ देणारे आहेत. मिसर देशात तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके या प्राचीन बंदराच्या उत्खननात भारतीय सागवान मिळाला. एका मोठ्या भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. २०२२ साली तिथल्याच मंदिराच्या आवारात बुद्धाची मूर्ती मिळाली. अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरील होक नावाच्या गुहेत २०००-०१मध्ये सुमारे दोनशे ब्राह्मी लेख आढळले. तिथे थांबलेल्या भारतीय खलाशांनी, व्यापाऱ्यांनी आपली नावे भिंतींवर लिहून ठेवली आहेत आणि त्यांतले बरेच जण पश्चिम भारतातले आहेत. कार्ल्याला यवनांची नावे ब्राह्मीत, सोकोत्राला आपल्या माणसांची नावे ब्राह्मीत. दोन्ही बाजूंनी माणसे गेली, आली, थांबली आणि आपली ओळख मागे ठेवून गेली.

प्राचीन सागरी संपर्काचा विषय निघाला की दोन टोके गाठली जातात. एकीकडे सारे जग आमच्याच पूर्वजांनी वसवले असा अभिमान, तर दुसरीकडे जे काही चांगले ते बाहेरूनच आले असा न्यूनगंड. कोसंबींनी ही दोन्ही टोके टाळली. माल काय होता, तो कोणी वाहिला, कोणत्या घाटाने उतरला, वाटेत मुक्काम कुठे पडला, जकात कोणी घेतली आणि या साऱ्यातून इथल्या शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या, धनगराच्या आयुष्यात काय बदलले, एवढेच ते विचारत राहिले. या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या खुणा महाराष्ट्रात आजही उघड्यावर पडलेल्या आहेत. तेरच्या पांढरीत, भोकरदनच्या टेकाडात, नाणेघाटाच्या रांजणात आणि गावोगावच्या शेंदरी तांदळ्यांत. रस्ते रुंद करताना, खाणी खोदताना, टेकड्या सपाट करताना त्या रोज थोड्या थोड्या नाहीशा होत आहेत. एकदा गेलेली खूण कोणत्याही विद्यापीठाला परत आणता येत नाही. ती जाण्यापूर्वी पाहणारा, नोंदवणारा आणि जपणारा माणूस पदवीधर पुरातत्त्वज्ञच असला पाहिजे असे नाही, हे कोसंबींचे आयुष्य सांगते.